विकतच्या पदार्थांची देखणी मांडणी: वाचलेला वेळ नेमका कुठे खर्च करावा

वीस-पंचवीस माणसे घरी येणार असली आणि सगळा स्वयंपाक स्वतःच करायचा ठरवला, तर यजमानाचे दोन दिवस ओट्याशी जातात आणि पाहुणे येतात तेव्हा त्यांच्याशी चार शब्द बोलायचेही त्राण त्याच्यात उरत नाही. त्यापेक्षा बहुतेक पदार्थ विकत आणावेत आणि हाती राहिलेल्या वेळातला एखादा तास ते नीट वाढण्यासाठी राखून ठेवावा, हे अधिक शहाणपणाचे. विकतचे आणण्यात कसलाही कमीपणा नाही. मात्र दुकानातून आणलेले प्लास्टिकचे डबे झाकणे काढून ओळीने टेबलावर ठेवणे म्हणजे वाढणे नव्हे, आणि बरेचसे यजमान नेमके तिथेच थांबतात.

विकतचा पदार्थ पाहताक्षणी विकतचा वाटतो तो चवीमुळे क्वचितच. चव तर अजून कोणी घेतलेलीही नसते. त्याला उघडे पाडणाऱ्या गोष्टी तीन आहेत: ज्यात तो आला ते वेष्टन, चुकीचे तापमान आणि ताज्या स्पर्शाचा अभाव. फ्रीजमधून थेट आलेले घट्ट चीज, डब्यात घाम सुटून मऊ पडलेले तळण आणि वर काहीही नसलेले सपाट डिप हे सगळे या तीन कारणांतून जन्म घेतात. राखून ठेवलेला तास याच तीन गोष्टींवर खर्च करायचा आहे. नॅपकिनची फुले करण्यात आणि टेबलभर शोभेच्या वस्तू मांडण्यात तो घालवला, तर पदार्थ होते तसेच राहतात.

सुरुवात दुकानातच होते

काय विकत आणावे आणि काय आणू नये, याची माझी कसोटी साधी आहे. ज्याला विशेष उपकरण, दीर्घ वेळ किंवा मुरलेला हात लागतो ते विकत आणावे: ब्रेड, थरांच्या पेस्ट्री, केक, चीज, आईस्क्रीम, मुरवलेल्या भाज्या. जे कापल्याक्षणापासून उतरणीला लागते ते शक्यतो अख्खे आणावे. कापलेल्या फळांचे डबे, आधीच ड्रेसिंग घातलेले सॅलड आणि काप करून दिलेला ब्रेड हे तिन्ही सोयीचे दिसतात, पण टेबलावर सर्वांत दमलेले तेच दिसतात. ड्रेसिंगमधले मीठ भाज्यांतले पाणी बाहेर ओढते, त्यामुळे तासाभरात पाने लोळागोळा होतात आणि तळाशी पाणी साचते. म्हणून सॅलड घेताना ड्रेसिंग वेगळे बांधून मागावे. बहुतेक ठिकाणी विनातक्रार देतात.

बारा प्रकार थोडे थोडे आणण्याचा मोह आवरावा. पाच-सहा प्रकार भरपूर आणले की टेबल भरलेले दिसते. बारा प्रकारांचे बारा तोकडे ढीग मात्र उरलेसुरले गोळा करून ठेवल्यासारखे वाटतात. त्या पाच-सहांपैकी गरम करून वाढायचे पदार्थ दोनहून अधिक नसावेत, कारण ओव्हन एकच असतो आणि तो कोणासाठी कधी मोकळा होणार याचे गणित ऐनवेळी हमखास चुकते. पुढे जेवण असेल तर माणशी चार-सहा घास पुरतात. जेवणाऐवजीच हे खाणे असेल तर दहा-बारा घासांचा हिशेब धरावा. चीज माणशी ३० ते ६० ग्रॅम पुरते. थंड पेयांसाठी बर्फ माणशी साधारण अर्धा किलो धरला, तर मध्येच धावपळ करावी लागत नाही.

तळलेल्या पदार्थांच्या बाबतीत एक चूक माझ्या हातून झाली आहे. गरमागरम तळण दुकानदाराने पिशवीत घालून वर गाठ मारून दिले, आणि ते गरम राहील म्हणून मी ती गाठ घरी येईपर्यंत सोडली नाही. पंचवीस मिनिटांनी पिशवी उघडली तेव्हा आतून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि तळणाचा कुरकुरीतपणा पार गेला होता. गरम पदार्थांतून निघणारी वाफ बंद पिशवीत अडकते, थंड पृष्ठभागाला लागून तिचे पाणी होते आणि ते पुन्हा पदार्थावरच पडते. तेव्हापासून मी तळण कागदी पिशवीत किंवा झाकण किलकिले ठेवलेल्या खोक्यात घेते. ते गार झाले तरी चालते, कारण गार तळण पुन्हा गरम करता येते; भिजलेल्या तळणाला पूर्वीचा पोत मिळत नाही.

डब्यांतले पदार्थ दुसऱ्या भांड्यांत काढायचे असल्यामुळे वेष्टनावरची माहिती टेबलापर्यंत पोहोचत नाही. ते फेकण्यापूर्वी प्रत्येकाच्या घटकांच्या यादीचा फोनवर फोटो काढून ठेवावा. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, गहू यांपैकी कशाची तरी कोणाला ॲलर्जी असतेच, आणि त्यावेळी ‘बहुधा नसावे’ हे उत्तर कामाचे नसते.

तापमान, म्हणजे अर्धे काम

माझ्या मते मांडणीपेक्षा तापमान महत्त्वाचे आहे, कारण ते साधले की साधा पदार्थही नुकताच केल्यासारखा लागतो. सर्वांत मोठा फरक ब्रेडमध्ये दिसतो. ब्रेड शिळा होतो तो केवळ सुकल्यामुळे नव्हे. त्यातला स्टार्च हळूहळू पुन्हा स्फटिकरूप घेतो म्हणून तो कडक होतो, आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. त्यामुळे ब्रेड फ्रीजमध्ये कधीच ठेवू नये. आदल्या दिवशी आणला असेल तर बाहेर गुंडाळून ठेवावा, त्याहून आधी आणला असेल तर फ्रीझरमध्ये. वाढण्यापूर्वी अख्ख्या ब्रेडवर ओल्या हाताने पाणी फिरवून तो १८० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये पाच ते आठ मिनिटे ठेवला, की आतला भाग मऊ आणि वरचे कवच कुरकुरीत होते. घरभर वास पसरतो तो वेगळाच. हा परिणाम तासाभरात ओसरतो, म्हणून ब्रेड अगदी शेवटी गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये तो आधी मऊ पडतो आणि गार होताच चिवट होतो; तिथे तो नेऊच नये.

तळलेले आणि पेस्ट्रीचे पदार्थ जाळीवर, एकमेकांना न चिकटता, एकाच थरात मांडून १८० ते २०० अंशांवर गरम करावेत. जाळीमुळे खालूनही गरम हवा खेळते आणि सुटलेली वाफ निघून जाते. ते गरम झाल्यावर वर झाकण किंवा फॉइल घालू नये. पिशवीत जे घडते तेच तिथेही घडते.

चीजची रीत नेमकी उलट आहे. थंडगार चीजमधले स्निग्धांश घट्ट असतात आणि त्याचा वास दबलेला असतो, म्हणून ते वाढण्यापूर्वी अर्धा ते एक तास बाहेर काढावे. कठीण चीजचे काही काप आधीच करून ठेवावेत, कारण अख्ख्या तुकड्यावर सुरी चालवायला पहिला पाहुणा नेहमीच बिचकतो. मऊ चीज मात्र अख्खेच ठेवावे. बटरक्रीमचा केकही फ्रीजमधून काढून तासभर आधी बाहेर ठेवावा. गोठवलेला केक आणला असेल तर तो वेष्टनासकटच वितळू द्यावा, म्हणजे हवेतली वाफ वेष्टनावर दव होऊन बसते आणि आयसिंग कोरडे राहते.

आईस्क्रीम ही बहुतेक यजमानांची फजिती करणारी गोष्ट. घरच्या फ्रीझरमध्ये ते उणे १८ अंशांच्या आसपास, दगडासारखे असते; चमचा वाकतो, पाहुणे हातात वाटी घेऊन ताटकळतात, आणि शेवटच्याची पाळी येईपर्यंत डब्याच्या कडा वितळलेल्या असतात. यावर उपाय असा की सकाळीच डबा पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून आईस्क्रीम थोडे सैल करावे, त्याचे गोळे काढून बटर पेपर घातलेल्या ताटलीत मांडावेत आणि ताटली झाकून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावी. वाढताना गोळे नुसते उचलून वाट्यांत ठेवायचे असतात. वीस जणांचे आईस्क्रीम तीन मिनिटांत वाढून होते.

तापमानाचा दुसरा अर्थ सुरक्षिततेचा आहे आणि त्यात तडजोड नको. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून मांस, अंडी, दूध, क्रीम, शिजवलेला भात, कापलेली फळे असे नाशवंत पदार्थ त्या टप्प्यात एकूण दोन तासांहून अधिक राहू नयेत. हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास धरावा. दुकानातून घरी येण्यात गेलेला वेळही यात मोजायचा असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आधीच शिजवलेले पदार्थ गरम करताना ते आतपर्यंत वाफाळले पाहिजेत. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश दिसावेत. एकच मोठे ताट भरून ठेवण्यापेक्षा दोन लहान ताटे भरावीत आणि दुसरे फ्रीजमध्ये राखावे. पहिले संपले की ते उचलून दुसरे ठेवावे. अर्ध्या रिकाम्या ताटात वरून नवी भर घालू नये, कारण त्यात तळाचे जुने पदार्थ तसेच राहतात. तीन तासांनीही टेबल पहिल्या क्षणासारखे भरलेले दिसते, हा यातला वरकड फायदा.

भांडे आणि ढीग

पदार्थ डब्यातून काढून भांड्यात ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त बदल आणि बहुधा सगळ्यांत परिणामकारकही. भांडी महाग असण्याची किंवा एका संचातली असण्याची गरज नाही. ती सगळी पांढरी असली, किंवा सगळी लाकडी, किंवा सगळी एकाच गडद रंगाची, तर वेगवेगळ्या घरांतून गोळा केलेलीही एकत्र शोभतात. पांढऱ्या ताटात बहुतेक रंग उठून दिसतात. फिकट पदार्थ, म्हणजे चीज, ब्रेड किंवा पांढरे डिप, गडद भांड्यात किंवा लाकडी पाटावर खुलतात.

आकाराबाबत एक जुने निरीक्षण उपयोगी पडते. बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ देलब्योफ यांनी १८६५ मध्ये एक दृष्टिभ्रम नोंदवला होता: एकाच आकाराच्या दोन वर्तुळांपैकी एकाभोवती लगतचे आणि दुसऱ्याभोवती खूप मोठे वर्तुळ काढले, तर पहिले मोठे भासते आणि दुसरे लहान. भांड्याचेही तसेच आहे. मोठ्या परातीच्या मध्यभागी ठेवलेले वीस तुकडे बिचारे वाटतात, आणि तेच वीस तुकडे लहान ताटात दाटीने रचले की मेजवानी वाटते. म्हणून भांडे निवडताना हात मोठ्याकडे गेला, तर त्याच्या खालच्या मापाचे घ्यावे. कड मात्र बोटभर मोकळी आणि पुसलेली असावी.

दुसरी गोष्ट उंची. दुकानाच्या डब्यात पदार्थ सपाट आणि रांगेत बसवलेले असतात, आणि तो सपाटपणाच डब्याची आठवण करून देतो. बिस्किटे पत्त्यांसारखी एकावर एक कलती लावावीत, तुकड्यांचा मध्याकडे चढत जाणारा ढीग करावा, सॅलड दोन्ही हातांनी उचलून वरून सैल सोडावे, दाबू नये. टेबलावरही एक-दोन ताटे उंचावर हवीत. त्यासाठी वेगळे स्टँड लागत नाही. एक जड, सपाट बुडाचा वाडगा उलटा घालून त्यावर ताट ठेवले की झाले, फक्त ते डगमगत नाही ना हे हाताने दाबून पाहावे. वस्तू विषम संख्येने मांडाव्यात असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. तीन किंवा पाच वाट्यांपुरता तो खरा आहे. सातच्या पुढे कोण मोजत बसते?

ही सगळी उठाठेव केवळ डोळ्यांसाठी आहे, असेही नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एकच सॅलड तीन प्रकारे मांडून लोकांना दिले: नेहमीसारखे मिसळून, घटक शेजारी शेजारी नीट लावून, आणि वासिली कांदिन्स्की यांच्या एका चित्राच्या धर्तीवर. घटक तेच असूनही चित्रासारखे मांडलेले सॅलड अधिक चविष्ट ठरले आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायलाही लोक तयार होते. घरच्या कार्यक्रमात चित्रे काढत बसावे असा याचा अर्थ नाही. पण डोळ्यांचा कौल जिभेपर्यंत पोहोचतो, एवढे त्यातून दिसते.

आता ताज्या स्पर्शाकडे. हे काम नेमके कसे होते ते डिपच्या डब्यावर पाहू. दही, चीज किंवा वाटलेल्या कडधान्याचे डिप डब्यात गुळगुळीत, सपाट आणि थोडे पाणी सुटलेले असते. ते पाणी आधी ओतून टाकावे, डिप चमच्याने खळाळून ढवळावे आणि उथळ, पसरट वाडग्यात काढावे. मग चमच्याची पाठ मध्यभागी टेकवून, वाडगा दुसऱ्या हाताने फिरवत, ती बाहेरच्या कडेपर्यंत न्यावी. मागे गोल खोलगट नाळी उमटते. त्या नाळीत चांगल्या तेलाचा चमचाभर ओघ सोडावा, तेल आपोआप वळण घेत जाते. वर लिंबाची साल बारीक किसावी, चिमूटभर भरडलेली मिरी घालावी, आणि शेवटी खमंग भाजलेले तीळ किंवा बदामाचे तुकडे. याला दीड मिनिट लागते. डब्यातला पदार्थ तोच असतो, पण आता त्यात चमक, आंबट वास आणि दाताखाली येणारे काहीतरी असते, आणि कारखान्यातून आलेल्या डब्यात नेमके तेच नव्हते.

हेच तत्त्व बाकी पदार्थांना लावता येते. तयार सूप गरम झाल्यावर आच बंद करून त्यात थोडा लिंबाचा रस पिळला, की मिठाशिवाय चव वर येते. तयार केकवर ताजी फळे आणि वरून गाळणीने भुरभुरवलेली पिठीसाखर पुरे. मुरवलेल्या भाज्या आणि ऑलिव्ह निथळून घेऊन तेल, ठेचलेला लसूण आणि वाळलेली हर्ब्ज घालून मंद आचेवर पाच मिनिटे कोमट केले तर ते बाटलीतले आहेत असे वाटत नाही. सुकामेवा १६० अंशांवर आठ-दहा मिनिटे भाजावा, पण त्याच्याजवळून हलू नये. सोनेरी आणि करपलेला यांत मिनिटभराचेच अंतर असते.

सजावटीवर एक बंधन मात्र मी पाळते: जे त्या पदार्थासोबत खायचे नाही, ते त्यावर ठेवायचे नाही. केकवर कोथिंबिरीची काडी किंवा चीजवर कोरलेला टोमॅटो कोणी खात नाही. पाहुणा ते बोटाने बाजूला सारतो आणि ताटाच्या कडेला कचरा जमतो. कोवळी पाने मलूल झाली असतील तर दहा-पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात बुडवून झटकून घ्यावीत, ती पुन्हा ताठ होतात. सफरचंद किंवा पेअरचे काप कापताच लिंबाच्या रसाच्या पाण्यातून काढावेत, म्हणजे ते काळवंडत नाहीत.

केक कापण्याचीही एक रीत आहे. लांब, पातळ सुरी उकळत्या पाण्यात बुडवून पुसावी, एकच सरळ काप घ्यावा, पुन्हा बुडवून पुसावी. प्रत्येक कापाला ही तसदी घेतली तर थर स्वच्छ दिसतात. न घेतल्यास पहिल्या तुकड्याचे क्रीम शेवटच्या तुकड्यापर्यंत ओढले जाते.

आदली रात्र आणि शेवटचा तास

आदल्या रात्री रिकामी भांडी टेबलावर मांडून प्रत्येकात एकेक चिठ्ठी टाकावी: यात काय येणार. हे काम बालिश वाटते खरे, पण एक वाडगा कमी आहे, दोन पदार्थांना एकच चमचा आहे किंवा ताट दाराच्या वाटेत येते, हे तेव्हाच कळते. प्रत्येक पदार्थासोबत त्याचा स्वतंत्र चमचा किंवा चिमटा तिथेच ठेवून द्यावा. पेयांचे टेबल खाण्यापासून दूर असावे, म्हणजे सगळी गर्दी एका कोपऱ्यात होत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे सातला येणार असतील तर सहाला चीज आणि केक बाहेर काढावेत आणि ओव्हन तापायला लावावा. सव्वासहापर्यंत टिकाऊ पदार्थ, म्हणजे सुकामेवा, बिस्किटे, मुरवलेल्या भाज्या, भांड्यांत भरून होतात. वेफर्स मात्र पहिली घंटी वाजेपर्यंत पाकिटातच राहू द्यावेत, हवेतला ओलावा त्यांना लगेच धरतो. साडेसहाला डिप मांडून वर तेल आणि लिंबाची साल. पावणेसातला पेस्ट्री किंवा तळण जाळीवर ओव्हनमध्ये, ते निघाले की त्याच उष्णतेत ब्रेड. सॅलडला ड्रेसिंग सर्वांत शेवटी, लोक टेबलाकडे वळू लागल्यावर. रिकामे डबे आणि पिशव्या दहा मिनिटे आधी नजरेआड कराव्यात. ओट्यावर त्यांचा ढीग पडून राहिला तर टेबलावरची सगळी मेहनत फुकट जाते.

‘हे सगळे घरी केलेत?’ असे कोणी विचारले, तर काय आणले आणि कुठून आणले ते सरळ सांगावे. दुकानाचे नाव ऐकून बहुतेकांना आनंदच होतो, कारण त्यांनाही कधीतरी तिथे जायचे असते. शिवाय ॲलर्जी असलेल्या माणसाला खोटे उत्तर धोक्याचे ठरू शकते.

पाहुणे निरोप घेत असताना फ्रीजमधली राखीव ताटे तशीच सुरक्षित असतात. टेबलावरचे जे नाशवंत पदार्थ दोन तासांच्या आत उचलले गेले, ते उथळ डब्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत. जे त्याहून जास्त वेळ बाहेर राहिले, ते वासाला कितीही चांगले असले तरी टाकून द्यावेत. उरलेल्या ब्रेडचे काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत, दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला ते थेट टोस्टरमध्ये जातात.